समप्रमाण, समचलन आणि रिक्षाचे भाडे

सांगलीच्या एका वाचकांचा प्रश्न असा आहे: ‘सातवीतल्या मुलाने “रिक्षाचे भाडे अंतराच्या समप्रमाणात असते” असे लिहिले, ते चूक ठरले. अंतर वाढले की भाडे वाढतेच, मग ते समप्रमाण का नव्हे? आठवीत ज्याला समचलन म्हणतात ते याहून वेगळे आहे काय? आणि वेग सांगताना “दर ताशी” लिहावे की नुसते “ताशी”?’

मुलाचे विधान चूक ठरले हे योग्यच झाले. ‘एक राशी वाढली की दुसरीही वाढते, ते समप्रमाण’ अशी जी व्याख्या पुष्कळदा तोंडी सांगितली जाते, ती अपुरी आहे आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. खरे तर हा भेद दाखवायला मराठीत दोन वेगळ्या वाक्यरचना आयत्या आहेत. ‘जसजसे अंतर वाढते, तसतसे भाडे वाढते’ या वाक्यात दोन्ही राशी एकाच दिशेने जातात एवढेच कळते. ‘अंतर जितक्या पट होते, तितक्या पट भाडे होते’ या वाक्यात मात्र दोहोंचे गुणोत्तर कायम राहते असा पक्का दावा आहे. समप्रमाण म्हणजे हे दुसरे वाक्य. पहिले वाक्य खरे असूनही दुसरे खोटे असू शकते, आणि रिक्षाच्या बाबतीत नेमके तसेच घडते.

समजा, पहिल्या किलोमीटरला 30 रुपये आणि पुढे दर किलोमीटरला 20 रुपये असे भाडे आहे. मग 2 किलोमीटरला 50 रुपये होतात, 4 किलोमीटरला 90 आणि 8 किलोमीटरला 170. अंतर दुप्पट झाले, भाडे दुप्पट झाले नाही. भाड्याला अंतराने भागले तर अनुक्रमे 25, साडेबावीस आणि सव्वाएकवीस येतात. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. पहिल्या किलोमीटरनंतरचा दर अगदी स्थिर आहे, तरीही एकूण भाडे समप्रमाणात नाही, कारण आरंभीच 10 रुपये जास्तीचे बसले आहेत. दर स्थिर असणे पुरेसे नसते; शून्य अंतराला शून्य भाडे, अशी सुरुवातही असावी लागते. ‘पहिल्या किलोमीटरनंतरचे वाढीव भाडे वाढीव अंतराच्या समप्रमाणात असते’ असे त्या मुलाने लिहिले असते, तर उत्तर निर्दोष ठरले असते.

सांगलीकरांना याहून जवळचे उदाहरण पावसाळ्यातल्या बातम्यांत सापडेल. कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याचा विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात आणि साठा टीएमसीमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, तर एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. पहिला दर आहे, दुसरे परिमाण. विसर्ग 20 हजार क्युसेकवर स्थिर ठेवला, तर 50 हजार सेकंदांत, म्हणजे सुमारे 13 तास 53 मिनिटांत, एक टीएमसी पाणी बाहेर पडते आणि दुप्पट वेळात दोन टीएमसी. हे शुद्ध समप्रमाण झाले. उलट, पाणी तेवढेच एक टीएमसी सोडायचे ठरवून विसर्ग 40 हजार क्युसेक केला, तर वेळ निम्मा होतो. येथे विसर्ग आणि वेळ यांचा गुणाकार कायम राहतो, म्हणून ते व्यस्तप्रमाण. (त्याला ‘विषम प्रमाण’ म्हणू नये; सम-विषम ही जोडी संख्यांची आहे, आणि येथे ‘व्यस्त’ म्हणजे उलट.) आता सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी पाहा. विसर्ग जसजसा वाढतो तसतशी, इतर गोष्टी तशाच राहिल्या तर, पातळी वाढते हे खरे. पण विसर्ग दुप्पट केला म्हणून 20 फुटांवरचे पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीला जाऊन टेकेल असा हिशेब मांडता येत नाही. पात्र वर रुंद होत जाते, पाणी काठच्या शेतांत पसरते, शिवाय कऱ्हाडला कोयना मिळण्याआधीच्या कृष्णेचे पाणी त्यात असतेच. येथे ‘जसजसे’ चालते, ‘जितक्या पट’ चालत नाही.

समप्रमाण आणि समचलन हा संबंध मुळात एकच आहे. सातवीत आपण तयार संख्यांच्या जोड्या घेऊन त्यांची गुणोत्तरे समान आहेत का हे पाहतो, म्हणून ‘प्रमाण’; आठवीत त्याच संख्यांच्या जागी बदलती चले येतात आणि क्ष = स्थिरांक × य असे समीकरण लिहितो, म्हणून ‘चलन’. त्या स्थिरांकालाच चलनाचा स्थिरांक म्हणतात, आणि तो म्हणजेच बाजारातला दर: 5 किलो हळदीला 900 रुपये पडले, तर स्थिरांक किलोला 180 रुपये. सहावीतली एकमान पद्धत हा दर आधी काढून घेते आणि मग 8 किलोला 1,440 रुपये सांगते. भास्कराचार्यांच्या 1150 मधील लीलावतीत त्रैराशिकाच्या, म्हणजे तीन राशींवरून चौथी काढण्याच्या रीतीच्या, तीन राशींना प्रमाण, फल आणि इच्छा अशी नावे आहेत. त्या रीतीने 900 या फलाला 8 या इच्छेने गुणून 5 या प्रमाणाने भागले की तेच उत्तर मिळते, पण किलोचा भाव वाटेत कोठे दिसत नाही. जाता जाता, तेथे ‘प्रमाण’ हे नुसत्या पहिल्या राशीचे नाव आहे, आजच्यासारखे संबंधाचे नाही. शाळेसाठी मला एकमान पद्धत अधिक पसंत आहे, कारण तिच्यात मधल्या संख्येला अर्थ आणि एकक असते.

आता ‘दर ताशी’. ‘दर’ हा शब्द मराठीत दोन कामे करतो: ‘हळदीचा दर’ म्हणताना भाव, आणि ‘दररोज, दरमहा, दरडोई’ म्हणताना ‘प्रत्येक’. व्याजाच्या उदाहरणांतील ‘द.सा.द.शे.’, म्हणजे दर साल दर शेकडा, हे दुसऱ्या अर्थाचेच आहे. याखेरीज ‘प्रत्येकी’ हा अर्थ मराठी प्रत्ययानेही देते: एकरी, माणशी, ताशी. त्यामुळे ‘ताशी 40 किलोमीटर’ एवढे पूर्ण आहे. ‘दर ताशी’ मध्ये पुनरुक्ती आहे, पण ती इतकी रुळली आहे की तिच्यावर लाल रेघ मारण्याचे कारण नाही. ‘ताशी 40 किलोमीटर प्रतितास’ आणि बातम्यांतले ‘20 हजार क्युसेक प्रतिसेकंद’ मात्र टाळावे, कारण वेळ दोनदा आला की दर आणि परिमाण यांची गल्लत होते. प्रतिसेकंद क्युसेक याचा अर्थ लावायचाच झाला, तर तो विसर्ग सेकंदागणिक किती वाढतो आहे, असा लावावा लागेल.