खाडी तर रोजच बदलते, मग तिथली हानी माणसामुळेच झाली हे शास्त्रज्ञ कशावरून ठरवतात?

तुम्ही विचारलंय की भरती-ओहोटी, पूर, गाळ यांनी खाडी तशीही सतत बदलत असते, तर जीव कमी झाल्याचा दोष माणसाला कसा देता येतो. खाडीच्या तळातल्या जीवांवर मी बरीच वर्षं काम करतेय आणि प्रत्येक अहवाल लिहिताना याच प्रश्नापाशी अडते.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, नदीच्या पाण्यात जवळपास नसतातच. खाडीत एकाच जागी उभं राहिलं तर काही तासांत दोन्ही पाणी पायाखालून जातं. पूर आला की कित्येक दिवस नुसतं गोडं पाणी. चिखलात थोडं खाली बोट घातलं की काळा थर लागतो, सडक्या अंड्यांचा वास येतो, कारण तिथला प्राणवायू संपलेला असतो. हे सगळं सोसणाऱ्या जाती मोजक्याच. म्हणून उत्तम स्थितीतल्या खाडीतही जाती कमी असतात, पण ज्या टिकतात त्यांची संख्या प्रचंड असते.

आता घाण पाण्याचं बघा. पिअरसन आणि रोझेनबर्ग या संशोधकांनी १९७८ मध्ये मांडून दाखवलं की सेंद्रिय कचरा वाढत गेला की खोल बिळं करणारे मोठे जीव आधी जातात आणि शेवटी कॅपिटेलासारखे बारीक किडे तेवढे उरतात, तेही हजारोंनी. म्हणजे जाती कमी, संख्या प्रचंड. निरोगी खाडीचं आणि आजारी तळाचं चित्र दिसायला सारखंच! एलियट आणि क्विंटिनो या संशोधकांनी २००७ मध्ये याच पेचावर बोट ठेवलं. समुद्रासाठी बनवलेले प्रदूषणाचे निर्देशांक खाडीला जसेच्या तसे लावले, तर चांगली खाडीही आजारी ठरते.

त्यामुळे एका फेरीतल्या नमुन्यांवर मी कधीच निष्कर्ष काढत नाही. पोलादी जबड्यासारख्या उपकरणाने तळातला गाळ उचलायचा, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा, उरलेले जीव एकेक करून ओळखायचे. काम कंटाळवाणं आहे, पण खरी काळजी त्याआधी घ्यावी लागते: त्याच जागा, तोच हंगाम, भरतीची तीच वेळ, आणि तुलना फक्त सारख्या खारेपणाच्या आणि सारख्या गाळाच्या जागांशी. शक्य असेल तर एखादं काम सुरू होण्याआधीची मोजणी हवी, शिवाय ते काम जिथे होणार नाही अशा दुसऱ्या खाडीचीही. दोन्ही खाड्या एकदम खालावल्या तर कारण बहुधा पावसात किंवा समुद्रात असतं. एकच खालावली तर माझा संशय त्या कामावर जातो. आधीची मोजणी बहुतेक वेळा झालेलीच नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

कधीकधी मात्र कारण स्वतःचा ठसा सोडून जातं. बोटींच्या तळाला जीव चिकटू नयेत म्हणून रंगात ट्रायब्युटिलटिन नावाचं कथिलाचं संयुग घालत असत. फ्रान्समधल्या आर्काशाँच्या उपसागरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस कालवांची पिल्लं धरेनात, शिंपले वेडेवाकडे जाड होऊ लागले. ब्रिटनच्या किनाऱ्यावर शंखातल्या गोगलगायींच्या माद्यांना नराचा अवयव फुटू लागला, काहींची अंडी बाहेर पडायची वाटच बंद झाली. यासाठी एका लिटर पाण्यात या संयुगाचा, एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाइतका अंश पुरतो. पुराने किंवा ओहोटीने असं होत नाही. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर हा रंग बंद केला, जगभरातल्या जहाजांवरची बंदी २००८ मध्ये अमलात आली.

आणि हानी म्हणजे दरवेळी रसायनच असेल असंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत १९८६ मध्ये आशियातला एक छोटा शिंपला सापडला, बहुधा जहाजांच्या तोल सांभाळणाऱ्या पाण्यातून आलेला. दोन-तीन वर्षांत त्याने तिथल्या उत्तर भागात उन्हाळ्यात वाढणाऱ्या सूक्ष्म वनस्पती गाळून फस्त केल्या. नुसतं प्रदूषण मोजणाऱ्याच्या हाती इथे काहीच लागलं नसतं.

मला सगळ्यात भक्कम वाटणारा पुरावा उलट्या बाजूने येतो. कारण काढून घ्या आणि बघा. लंडनमध्ये थेम्सचा भरतीचा पट्टा १९५७ मध्ये जैविकदृष्ट्या मृत म्हणून नोंदवला गेला होता. त्यानंतर बेक्टन आणि क्रॉसनेस इथली सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं सुधारली, पाण्यात प्राणवायू परतला, आणि १९७४ मध्ये तिथे सामन मासा सापडला. भरती तीच, गाळही तोच, फक्त सांडपाणी बदललं होतं.

तुमच्या माहितीतल्या एखाद्या खाडीबद्दल 'पाण्यात प्राणवायू पुरेसा आहे' असं कुणी म्हणालं, तर मोजणी किती वाजता केली हे आधी विचारा. दिवसा शेवाळं प्राणवायू सोडतात, रात्रभर सगळे जीव तो वापरतात, म्हणून तो पहाटे सर्वांत खाली जातो. दर लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे पळतात आणि तळातले जीव गुदमरतात. दुपारी बारा वाजता घेतलेल्या नमुन्यात यातलं काहीच दिसत नाही.