फोटोतल्या परिचारिकेचं दल आधी ठरव

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश लष्करी परिचारिकांवर लिहायचं ठरवलंस आणि जुन्या फोटोंपासून सुरुवात करते आहेस, हे चांगलं झालं. फक्त क्रम सोडू नकोस. बाईचं नाव शोधण्याआधी ती कोणत्या दलात होती ते ठरव. तिचं शिक्षण, पगार, आघाडीच्या किती जवळ तिला जाऊ दिलं, तिचे कागद आज कुठे ठेवलेत, सगळं त्यावर अवलंबून आहे. थेट नावामागे लागलीस, तर त्याच नावाच्या भलत्याच बाईचं चरित्र लिहून बसशील. असं फार वेळा होतं.

मुख्य दल म्हणजे क्वीन अलेक्झांड्राज इम्पिरियल मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, थोडक्यात ‘क्यूए’. स्थापना मार्च १९०२. ऑगस्ट १९१४ मध्ये या कायम दलात तीनशेहूनही कमी बायका होत्या. युद्ध वाढलं तशी त्याची राखीव शाखा दहा हजारांवर गेली. म्हणजे तुझ्या फोटोतली ‘क्यूए’ बहुधा राखीवच असणार, हे धरून चाल. १९०८ पासून टेरिटोरियल फोर्स, म्हणजे अर्धवेळ स्वयंसेवकांची फौज, हिची नर्सिंग सर्व्हिस वेगळी होती. नौदलाचं दल स्वतंत्र, हवाई दलाचं १९१८ चं. या दोघांच्या वाटेला तूर्त जाऊ नकोस.

क्यूएमध्ये शिरायला वय २५ ते ३५, अविवाहित किंवा विधवा, आणि मान्यताप्राप्त इस्पितळात तीन वर्षांचं प्रशिक्षण लागे. कायम दलात लग्न केलं की नोकरी सुटायची. स्टाफ नर्सचा पगार वर्षाला ४० पौंडांपासून सुरू. वर सिस्टर, त्यावर मेट्रन. याउलट १९०९ मध्ये निघालेल्या व्हीएडी, म्हणजे व्हॉलंटरी एड डिटॅचमेंट, या तुकड्यांतल्या मुली स्वयंसेविका होत्या. प्रथमोपचार आणि घरगुती शुश्रूषा ही दोन प्रमाणपत्रं एवढंच त्यांचं शिक्षण. परदेशी जायला वय किमान २३. लष्करी इस्पितळात आधी महिनाभर पारख, मग सहा महिन्यांचा करार आणि वर्षाला २० पौंड. तीन वर्षं घासून शिकलेल्या परिचारिकांना या मुलींचा राग का यायचा, ते यावरून कळेल. पण त्या रागावरच लेख बेतू नकोस. १९१७ च्या वॉर्डात दोघींवाचून काम चालत नव्हतं.

आता फोटो. एप्रनच्या छातीवर मोठा क्रॉस दिसला की लोक ‘लष्करी नर्स’ असा मथळा देतात. तो क्रॉस जवळपास नेहमी ब्रिटिश रेड क्रॉसच्या व्हीएडीचा असतो. क्यूएच्या एप्रनवर तो नसे. क्यूएची ओळख तिच्या खांद्यावरच्या आखूड केपवरून पटते. कायम दलाची केप पूर्ण लालभडक, राखीव शाखेची करडी आणि तिला लाल काठ. केपच्या उजव्या बाजूला फितीवर बिल्ला लटकतो. राखीव शाखेचा बिल्ला गोल असतो आणि त्यात ‘आर’ अक्षर असतं. केपच्या टोकांवर चांदीचं ‘टी’ दिसलं तर टेरिटोरियल. इथे एक फसगत होते. त्या काळी फोटो ज्यांवर उमटायचा, त्या बहुतेक काचा लाल रंगाला आंधळ्या आणि निळ्याला हळव्या होत्या. त्यामुळे लाल केप काळी उमटते आणि व्हीएडीचा निळा झगा पांढुरका दिसतो. फोटोत काळं दिसतं म्हणून सुतकाचे कपडे समजू नकोस.

दल ठरलं की कागद. क्यूए, तिची राखीव शाखा आणि टेरिटोरियल यांच्या पहिल्या महायुद्धातल्या सेवाफायली लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘डब्ल्यूओ ३९९’ (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, युद्धखातं) या मालिकेत आहेत; घरबसल्या उतरवून घेता येतात. एका फाईलमध्ये साधारणपणे अर्ज, शिफारसपत्रं, मेट्रनचे गोपनीय शेरे, बदल्या, आजारपणाचे मेडिकल बोर्ड आणि सेवामुक्तीचा कागद मिळतो. मात्र पुढे या फायलींची छाटणी झाली आहे. फाईल बारीक आहे म्हणजे बाईची सेवा किरकोळ होती, असं समजू नकोस. लग्नानंतरच्या आडनावाने फाईल लावलेली असू शकते, म्हणून दोन्ही आडनावं बघ. व्हीएडी या मालिकेत सापडणारच नाहीत. त्यांची कार्डं ब्रिटिश रेड क्रॉसने इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत. १८८८ पासून हिंदुस्थानातल्या फौजेसाठी जे वेगळं नर्सिंग दल होतं, त्याचे कागद ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस विभागात शोध. या दलाच्या पहिल्या परिचारिका कॅथरीन ग्रेस लॉक यांच्याबरोबर मार्च १८८८ मध्ये मुंबईच्याच बंदरात उतरल्या आणि तिथून पुढे पांगल्या. तुझ्या लेखाला मुंबईचा खरा धागा हवा असेल तर हा आहे.

पदकांची कार्डं ‘डब्ल्यूओ ३७२’ मध्ये आहेत. जी बाई सगळं युद्धभर इंग्लंडमधल्याच इस्पितळात राबली, तिला मोहिमेचं पदक मिळालं नाही, म्हणून तिचं कार्डही नाही. कार्ड नाही म्हणजे नोकरी नाही, असा निष्कर्ष काढशील तर हजारो बायका इतिहासातून पुसशील. ‘रॉयल रेड क्रॉस’ हा सन्मान मात्र निराळा. तो १८८३ चा, आणि १९१५ पासून त्याला दुसरा वर्गही आला. तो मायदेशातल्या इस्पितळातल्या कामासाठीही मिळे. प्रशिक्षण कुठे झालं ते पडताळायला १९१९ च्या कायद्यानंतर सुरू झालेली परिचारिकांची सरकारी नोंदवही उपयोगी पडते. फाईलमधलं वय आणि जनगणनेतलं वय जुळलं नाही तर दचकू नकोस. वयाच्या अटीत बसण्यासाठी वर्षं इकडची तिकडे होत.

आघाडीबद्दल एक ताकीद. खंदकात जखमीवर वाकलेली नर्स हे चित्र मनातून काढून टाक. जखमी आधी पलटणीच्या मदतकेंद्रात, मग ड्रेसिंग स्टेशनवर, तिथून कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशनला, म्हणजे आघाडीमागच्या तात्पुरत्या इस्पितळाला, आणि पुढे इस्पितळ-गाडीने किनाऱ्यालगतच्या तळावर जाई. लष्करी परिचारिका क्लिअरिंग स्टेशनच्या पुढे सहसा जात नसत. बेल्जियमला पर्व्हीजे इथे तळघरात राहिलेल्या एल्सी नॉकर आणि मेरी चिझम लष्करी दलातल्या नव्हत्या, म्हणून त्यांचा दाखला सगळ्यांना लावता येत नाही. अर्थात क्लिअरिंग स्टेशनही सुरक्षित नव्हतं. २१ ऑगस्ट १९१७ ला बेल्जियममधल्या ब्रांडहूक इथल्या ४४ क्रमांकाच्या स्टेशनवर तोफगोळा पडून स्टाफ नर्स नेली स्पिंडलर गेली. लायसेनथूकच्या दफनभूमीत दहा हजारांहून अधिक पुरुषांत तिची कबर आहे. फ्रान्समधल्या सगळ्या परिचारिकांच्या नेमणुका मॉड मॅकार्थी या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या मेट्रन-इन-चीफच्या हातून होत. त्यांची कामाची रोजनिशी ‘डब्ल्यूओ ९५’ मध्ये आहे. फाईलमधून तारीख आणि युनिट काढ, मग त्याच तारखेची रोजनिशी उघड. उलट दिशेने गेलीस तर आठवडे जातील.

वॉर्डाचं काम लिहिताना ‘सेवा’, ‘त्याग’ या शब्दांवर भागवू नकोस. काय हाताने करायचं ते लिही. उदाहरणार्थ जखम धुण्याची कॅरेल-डेकिन पद्धत. फ्लँडर्सची, म्हणजे बेल्जियमकडच्या आघाडीची, जमीन शेणखताची, त्यामुळे जखमेत गॅस गँग्रीनचे, म्हणजे मांस कुजवून आत वायू भरणाऱ्या रोगाचे, जंतू जात. जखम शिवून बंद केली की आत कुजे. म्हणून मेलेलं मांस कापून ती उघडी ठेवत आणि बारीक भोकांच्या रबरी नळ्या तिच्या कानाकोपऱ्यात सोडत. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, त्यांतून सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण सोडायचं. तीव्रता ०.४५ ते ०.५ टक्के. कमी पडलं तर जंतू मरत नाहीत, जास्त झालं तर मांस आणि कातडी भाजते, आणि उन्हात किंवा उजेडात ठेवलं तर द्रावण नुसतं पाणी होऊन बसतं. आजूबाजूच्या कातडीला व्हॅसलीन लावलेली गॉझ. नळी सरकली की एक खबदाड कोरडं राहतं आणि नेमकं तिथेच कुजायला लागतं. जखमेतला पू काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजायचे आणि ते पुरेसे घटले तरच टाके. गॅस गँग्रीन झालं तर ड्रेसिंग करताना फुगलेल्या कातडीवर बोट दाबलं की कुरकुर लागते आणि विशिष्ट दुर्गंधी येते, ती पहिल्यांदा परिचारिकेलाच कळे. एका वॉर्डात असे वीस-तीस रुग्ण धर आणि दोन तासांचा हिशेब कर, म्हणजे व्हीएडी कशाला लागत होत्या ते आपोआप उमगेल. कातडी भाजणारा मस्टर्ड गॅस हा विषारी वायू जुलै १९१७ पासून आला. त्यात रुग्णाचे कपडे उतरवतानाच परिचारिकांच्या हातांना आणि डोळ्यांना पोळायचं.

हिंदी सैनिकांचा भाग अवघड आहे. तो गोड करू नकोस. इंग्लंडमधल्या त्यांच्या इस्पितळांत गोऱ्या परिचारिकांना मुळात देखरेखीपुरतंच काम होतं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या खुदादाद खान यांच्याजवळ उभ्या असलेल्या नर्सचा फोटो ‘डेली मेल’ने १९१५ मध्ये छापला. त्यावरून अधिकाऱ्यांत खळबळ उडाली आणि परिचारिका काढून घ्यायचं फर्मान सुटलं. कारण वैद्यकीय नव्हतं, साम्राज्याच्या इभ्रतीचं होतं. तसं स्पष्ट लिही.

दुसऱ्या महायुद्धावर एकच परिच्छेद दे. त्यात तीन गोष्टी पुरेत: १९४१ पासून अधिकाऱ्यांसारखे हुद्दे, लाल-करड्याऐवजी खाकी, आणि १२ फेब्रुवारी १९४४ ला मालदीवजवळ बुडालेलं ‘खेदिव इस्माईल’ हे जहाज, ज्यावर ७७ बायकांचा जीव गेला. त्या काळच्या फायली ‘डब्ल्यूओ ३९९’ मध्ये शोधू नकोस.

खडकीच्या युद्ध दफनभूमीत जाणार असशील तर आधी युद्धातल्या मृतांच्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत ‘नर्सिंग सर्व्हिस’ टाकून नावं काढून ने. तिथलं १९१४-१८ चं स्मारक भारतातल्या आणि आजच्या पाकिस्तानातल्या अशा मृतांसाठी आहे, ज्यांच्या मूळ कबरींची निगा राखणं जमत नव्हतं. तिथे एखाद्या परिचारिकेचं नाव कोरलेलं दिसलं, तरी ती पुण्यात वारली किंवा खडकीत पुरली गेली, असं लिहू नकोस. मूळ दफनभूमीचं नाव कमिशनच्या नोंदीत बघ आणि तेच लेखात घाल.

तुझा शुभचिंतक