लपवलेली फाइल आणि कुलूपबंद फाइल

प्रश्न : आमच्या घरात एकच संगणक असून तो मी, माझी पत्नी, मुलगा आणि दहावीतील नात असे चौघे जण वापरतो. माझ्या फोल्डरमध्ये बँकेची विवरणपत्रे, प्राप्तिकराची कागदपत्रे, मृत्युपत्राचा मसुदा आणि बारा वर्षांची दैनंदिनी आहे. ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘हिडन’पुढे खूण केल्यामुळे मी निर्धास्त होतो, परंतु नात तिची हरवलेली फाइल शोधत असताना ते फोल्डर सहज समोर आले. आता संगणक दुरुस्तीलाही द्यायचा आहे. काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ‘हिडन’ ही केवळ एक खूण आहे. ‘ही फाइल यादीत दाखवू नका’ एवढेच ती विंडोजला सांगते आणि विंडोज ११ मध्ये ‘व्ह्यू’मधील ‘शो’ या पर्यायात जाऊन ‘हिडन आयटेम्स’ निवडले की ती सूचना रद्द होते. फाइलचे नाव बदलणे किंवा ती आडबाजूच्या फोल्डरात नेऊन ठेवणे हेही त्याच जातीचे उपाय आहेत. तांदळाच्या डब्यात दागिने ठेवावेत तसा हा प्रकार : डबा उघडणाऱ्याला ते सापडतातच.

घरच्यांपुरता प्रश्न असेल तर पहिला उपाय साधा आणि फुकट आहे. प्रत्येकासाठी स्वतंत्र खाते उघडावे, नातीचे खाते ‘स्टँडर्ड’ प्रकारचे ठेवावे आणि आपल्या खात्याला पासवर्ड द्यावा. स्टँडर्ड खात्यातून दुसऱ्याच्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये शिरता येत नाही. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ खात्यातून मात्र शिरता येते, म्हणून ते कोणाकडे आहे हे आधी पाहावे. घरात तो मान बहुधा मुलाकडेच असतो.

दुरुस्तीच्या वेळी हा पासवर्ड पुरत नाही. तो दारावरच्या राखणदारासारखा आहे. डिस्क बाहेर काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, किंवा पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी एक कार्यप्रणाली) सुरू केले, तर राखणदाराची गाठच पडत नाही आणि सर्व फाइली उघड्या दिसतात. त्यावर उपाय एकच : मजकूरच कूटबद्ध करणे, म्हणजे किल्लीशिवाय तो निरर्थक अक्षरांचा ढीग वाटेल असे करणे.

विंडोजच्या प्रो आवृत्तीत यासाठी ‘बिटलॉकर’ असतो आणि होम आवृत्तीतही अनेक नव्या संगणकांवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ मिळते. ते सुरू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे डिस्क उघडण्याची राखीव किल्ली, आत्ताच कागदावर उतरवून ठेवावी, कारण दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला तर संगणक तीच मागतो. मात्र बिटलॉकर संपूर्ण डिस्कला लागतो आणि संगणक सुरू होऊन डिस्क उघडली की आत असलेल्या सर्वांसाठी ती उघडीच असते. चोरीला गेलेल्या लॅपटॉपसाठी तो उत्तम आहे, पण चौघांच्या एका संगणकावरील दैनंदिनीसाठी तो पुरेसा नाही.

म्हणून आपल्याला मी ‘व्हेराक्रिप्ट’ सुचवीन. हा मोफत कार्यक्रम विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो. २०१४ साली बंद पडलेल्या ‘ट्रूक्रिप्ट’च्या पायावर तो उभा आहे. त्यात आपण ठरवाल त्या आकाराची, समजा २ जीबीची, एक फाइल तयार होते. पासवर्ड देऊन ती ‘माउंट’ केली की ‘धिस पीसी’मध्ये (पूर्वीचे ‘माय कॉम्प्युटर’) एक नवी ड्राइव्ह दिसू लागते; तिच्यात नेहमीसारखे काम करावे आणि उठताना ‘अनमाउंट’ (जुन्या आवृत्त्यांत ‘डिसमाउंट’) करावे. हे शेवटचे पाऊल विसरून नुसता पडदा मिटला तर कुलूप उघडेच राहण्याची शक्यता असते. आणखी एक गोष्ट : बंद फाइल कोणाला वाचता येत नसली तरी पुसता येते, तेव्हा तिची एक प्रत पेनड्राइव्हवर असावी.

जुन्या प्रतींचाही विचार करावा लागतो. फाइली नव्या ड्राइव्हमध्ये हलवल्या तरी जुन्या जागेवरचा मजकूर लगेच नष्ट होत नाही. रीसायकल बिन रिकामे केल्यावरही जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून तो परत मिळवता येतो. ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याशी जोडलेले असेल तर तेथेही प्रत असेल. दुरुस्ती पडद्याची किंवा कीबोर्डाची असेल आणि डिस्क काढण्याजोगी असेल, तर ती काढून घरी ठेवून संगणक द्यावा, हे सर्वांत निर्धोक.

पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा शब्दांचा आणि रोमन लिपीत असावा. प्रसिद्ध अभंगाची ओळ घेऊ नये, कारण जे सर्वांना पाठ आहे ते ताडणाऱ्यालाही पाठ असते. देवनागरीत टाइप करण्याचा मोह टाळावा; ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे पासवर्ड ठरतात.

व्हेराक्रिप्टमध्ये ‘पासवर्ड विसरलात?’ अशी सोय नाही, आणि माझ्या मते आपल्यासारख्या घरात चोरापेक्षा विसरण्याचाच धोका मोठा आहे. पासवर्ड कागदावर लिहून पाकीट मोहोरबंद करावे आणि बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावे. ओघात सांगतो, संगणकातील मसुदा म्हणजे मृत्युपत्र नव्हे. ते कागदावर, आपल्या सहीने आणि किमान दोन साक्षीदारांच्या सहीने व्हावे लागते, आणि तो कागद या ड्राइव्हच्या बाहेर, वारसांना सापडेल अशा जागी असला पाहिजे.

प्रश्न : मी हिशेबाच्या एक्सेल फाइलला ‘प्रोटेक्ट शीट’ने पासवर्ड देतो आणि झिप करून ई-मेलने पाठवतो. हे पुरेसे आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. ‘प्रोटेक्ट शीट’ फक्त आकडे बदलू देत नाही, वाचण्याला तिची हरकत नसते. ‘फाइल’मधील ‘इन्फो’त जाऊन ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ हा पर्याय घ्यावा आणि फाइल जुन्या एक्सएलएस प्रकारात न ठेवता एक्सएलएसएक्समध्ये ठेवावी. झिपच्या जुन्या कूटपद्धतीतील कच्चे दुवे १९९४ सालीच दाखवून दिले गेले आहेत. त्याऐवजी ‘सेव्हन-झिप’ या मोफत कार्यक्रमामध्ये सेव्हन-झेड हा प्रकार निवडावा आणि ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’समोर खूण करावी, नाहीतर आतला मजकूर बंद राहतो, पण फाइलींची नावे कोणालाही वाचता येतात, आणि ‘कर्जफेड थकबाकी’ हे नाव वाचल्यावर आत काय आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. पासवर्ड त्याच ई-मेलमध्ये न लिहिता फोनवर सांगावा.