"पाच वर्षं वाया गेली, मॅडम"

डिसेंबर-जानेवारीत, आणि मग जूनमध्ये निकाल लागले की पुन्हा, माझ्याकडे एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत येतं. 'ज्यात डिग्री घेतली त्यात रसच उरला नाही. आता काय करू?' इंजिनिअरिंगची मुलं जास्त असतात, पण फार्मसीची, बीएस्सीची, सीएच्या दोन अटेम्प्टनंतर थकलेलीही येतात. पुण्यात कर्वे रस्त्यालगतच्या या खोलीत करिअर समुपदेशक म्हणून बावीस वर्षं हेच ऐकतेय. प्रत्येकाला वेगळं समजावून सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढावं, असं फार दिवस मनात होतं.

एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी आहे, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. सायली म्हणू तिला. मूळची बार्शीकडची, वडलांचं खतं-औषधांचं दुकान. पुण्यात एमएस्सी ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं दुसरं वर्ष, संपायला चार महिने उरलेले. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "बीएस्सीची तीन आणि ही दोन. पाच वर्षं वायाच गेली, मॅडम. मला लॅबमध्ये पाऊलच टाकवत नाही."

"मग आता काय ठरवलंयस?"

"एमपीएससी. नव्या पेठेत अभ्यासिका लावलीय. आमच्या बॅचच्या चौघीजणी आहेत तिथे."

"प्रशासनात जायचंय?"

ती गप्प. मग म्हणाली, "तिथे केमिस्ट्री नाही ना."

हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकून वाईटही वाटत नाही. स्पर्धा परीक्षा वाईट नाही, तिच्यासाठी झोकून देणारी मुलं मी पाहिलीत. पण ज्याला तिथे जायचं नाहीये, फक्त इथून निघायचंय, त्याच्यासाठी ती सगळ्यात महाग धर्मशाळा आहे. यूपीएससीला खुल्या गटात 32 वर्षांपर्यंत सहा संधी मिळतात. सहा संधी म्हणजे सहा वर्षं 'मी काहीतरी करतोय' असं घरी सांगता येतं.

माझी एक चूक आधी कबूल करते. पहिल्याच भेटीत मी तिची कल चाचणी घेतली. अहवाल छान आला, तिनं तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि पुढच्या वेळी पहिल्यासारखीच बसली. चाचण्या उपयोगी असतात, पण दहावीच्या मुलाला जितक्या, तितक्या तेविसाव्या वर्षी पाच वर्षांच्या ओझ्याखाली दबलेल्या मुलीला नसतात.

मी अल्बर्ट एलिसच्या वाटेनं जाणारी. या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1955 च्या सुमारास मांडलं की माणूस घटनेपेक्षा स्वतःच्या हट्टी समजुतींनी जास्त पिचतो. मराठीत ती समजूत पकडायला फारसं शिकावं लागत नाही. वाक्यातला 'च' ऐकायचा. रसच उरला नाही. वायाच गेली. पाऊलच टाकवत नाही. मी तिला तिचीच तीन वाक्यं 'च' काढून लिहायला लावली. "रस उरला नाही," तिनं लिहिलं, खोडलं, आणि आपणहून लिहिलं, "रस कमी झालाय." एवढ्यानं कोणाचं करिअर ठरत नाही, पण मुठीतली बोटं जरा सैल होतात.

मग तिला एक वही दिली. काम सोपं: दिवसात जितक्यांदा कंटाळून घड्याळ बघशील, ती वेळ लिहायची. का, कसं, काही नाही. फक्त वेळ.

नऊ दिवसांनी वही घेऊन आली. लॅबचे दिवस बघवत नव्हते. 10.10, 10.25, 10.40, 10.45. मिश्रणातले घटक वेगळे करायला काचेच्या नळीचा कॉलम लावून तासन्‌तास थेंब मोजत उभं राहायचं, काय वेगळं झालंय ते दर थोड्या वेळानं छोट्या पट्टीवर, म्हणजे टीएलसी करून, बघायचं, आणि संध्याकाळी कळायचं की जे हवं ते आलेलंच नाही. एका मंगळवारी मात्र 2.30 नंतर सहापर्यंत पान कोरं.

"लिहायचं राहिलं वाटतं," ती म्हणाली.

"त्या दिवशी लॅबला दांडी?"

"नाही, लॅबमध्येच होते." मग आठवून आठवून सांगायला लागली. भांडी धुणाऱ्या मामांनी आदल्या दिवशी अ‍ॅसिटोन आणि क्लोरोफॉर्म एकाच वेस्ट कॅनमध्ये ओतलं होतं. सर ओरडले. पण कॅनवरच्या सूचना सगळ्या इंग्रजीत, मामांना कशा कळणार? म्हणून हिनं मराठीत फलक करायला घेतला. कुठली बाटली कुठल्या कॅनमध्ये. क्लोरीनवाली सॉल्व्हंट्स वेगळी. पाण्यात हळूहळू अ‍ॅसिड, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही. एक पान लिहायला साडेतीन तास लागले. कारण प्रत्येक ओळ ती मामांना वाचून दाखवायची, आणि ते अडखळले की बदलायची.

"सायली, त्या साडेतीन तासांत तू काय करत होतीस?"

"फलक."

"आणि फलकावर काय होतं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. खाली रस्त्यावर कोणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसलं होतं, तेवढाच आवाज. मग म्हणाली, "केमिस्ट्री होती की."

या क्षणासाठी मी हा व्यवसाय करते, हे लपवत नाही. मी काही बोलले नाही, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तिनं दुकानातली आठवण काढली. कीटकनाशकाच्या डब्यावर एक चौकोन असतो, त्याचा खालचा त्रिकोण रंगीत. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. चौथी-पाचवीत असताना ती काउंटरवर बसून शेतकऱ्यांना लेबल वाचून दाखवायची. मुंगीएवढी अक्षरं, पंपाला किती मिली, फवारल्यावर किती दिवस माल तोडायचा नाही. म्हातारी माणसं वडलांना सोडून हिच्याकडे यायची, कारण ही दोनदा सांगायची.

विषयातला रस गेला असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा गेलेला असतो तो त्या विषयातल्या एका कामातला. डिग्री नामात मिळते, केमिस्ट्री, मेकॅनिकल, कॉमर्स. नोकरी मात्र क्रियापदात करावी लागते: मोजणं, समजावणं, जोडणं, विकणं, तपासणं, लिहिणं. सायलीला भांड्यापुढे उभं राहणं नको होतं. किचकट मजकूर माणसाला कळेल असा करणं तिला हवं होतं. कॉलेजनं तिला पहिलंच क्रियापद दाखवलं, दुसरं आहे हे कोणी सांगितलं नाही.

मग आम्ही क्रियापदावरून शोधायला लागलो. औषध आणि कृषिरसायन कंपन्यांत रेग्युलेटरी विभाग असतो. औषधाच्या परवानगीची पाच भागांची कागदपत्रं आणि लेबलवरचा शब्दन्‌शब्द तिथून जातो. पेटंट एजंटची, म्हणजे शोधांच्या हक्काचे अर्ज लिहून दाखल करणाऱ्याची परीक्षा आहे, ती 21 वर्षं पूर्ण झालेला, विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी असलेला भारतीय नागरिक देऊ शकतो. कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी आहे, दोन वर्षांचं बीएड आहे. तिनं रेग्युलेटरीवर बोट ठेवलं. मी म्हटलं, आधी तिथे काम करणाऱ्या दोघांना भेटून ये. आणि त्यांना पगार नंतर विचार, आधी विचार सकाळी दहा ते अकरा काय करता.

एमएस्सी सोडायची का, हेही तिनं विचारलंच. चार महिने उरलेत तर पूर्ण कर, मी स्पष्ट सांगितलं. शेवटचं वर्ष असेल आणि तब्येत, मन अगदी ढासळलेलं नसेल, तर मी जवळजवळ सगळ्यांना हेच सांगते, कारण 'कोणत्याही शाखेची पदवी' एवढीच अट असलेली दारं खूप आहेत, अर्धवट पदवीला ती उघडत नाहीत. पहिल्याच वर्षाला असलात तर गोष्ट वेगळी, तेव्हा बदलणं स्वस्त असतं. आणि सहा-सात आठवडे झोप, जेवण, मित्र, गाणी, कशातच मन लागत नसेल, तर तो करिअरचा प्रश्न नाही. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. माझ्याकडे नंतर या.

वडील शेवटच्या आधीच्या भेटीला आले. एसटीनं पुणं गाठून, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. त्यांचाही 'च' होताच. "नेट-सेट करून प्राध्यापकच व्हावी, एवढीच इच्छा. गावात काय सांगू मॅडम, पोरगी लेबलं लिहिते?"

मी समजूत घालण्याच्या फंदात पडले नाही. विचारलं, "दादा, तुमच्या दुकानात लेबल चुकीचं वाचल्यानं कोणाचं नुकसान झालंय कधी?"

ते लगेच सावरून बसले. "मागं एकानं ज्वारीवरचं टू-फोर-डी तणनाशक मारलं आणि तोच पंप नीट न धुता द्राक्षाला लावला. पानं पंख्यावानी वळली. अख्खी बाग गेली, मॅडम. लेबलावर होतं ना सगळं, पण वाचतो कोण?" बोलता बोलता त्यांनी सायलीकडे बघितलं, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

जाताना चटणीची पुडी माझ्या टेबलावर ठेवून गेले. फीबरोबर.

परवा सायलीचा फोन आला. नोकरी लागून सात महिने झालेत. पगार वडलांना अजून सांगावासा वाटत नाही इतका, आणि साहेब एका स्वल्पविरामासाठी फाइल परत पाठवतात.

"कंटाळा येतो का गं?"

"येतो की, मॅडम. रोज येतो." मग हसून म्हणाली, "पण आता सव्वाचारला येतो."