पहिल्याच फेरीत हरला, म्हणजे फॉर्म गेला का?

या वेळच्या पत्रांत बॅडमिंटनपटू लक्ष्य सेनचं नाव इतक्यांदा आलं आहे की इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले. काही पत्रं कळकळीची आहेत, काही रागाची. शिवीगाळ असलेली दोन पत्रं बाजूला काढली; बाकीच्यांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : २०२५ मध्ये लक्ष्य कितीतरी स्पर्धांतून सुरुवातीलाच बाहेर पडला. जागतिक स्पर्धेतही पहिल्याच फेरीत हरला. इतका मोठा खेळाडू असा हरतो, याला फॉर्म गेला असंच म्हणायचं ना?

फेरीचा आकडा पाहून फॉर्म ठरवू नका. आधी समोर कोण होता ते पाहा. सुपर ७५० आणि सुपर १००० या वरच्या दर्जाच्या स्पर्धांत एकेरीत ३२ खेळाडू असतात आणि त्यांतले फक्त आठ मानांकित (क्रमवारीनुसार निवडलेले). उरलेल्या २४ जणांपैकी आठ जणांची गाठ पहिल्याच सामन्यात एखाद्या मानांकिताशी पडते. म्हणजे बिगरमानांकित खेळाडूला तीनात एकदा पहिल्याच दिवशी डोंगर चढावा लागतो. क्रमवारीत पाचव्या-सहाव्या जागेवरून पंधराव्या-विसाव्या जागेवर घसरण झाली, की खेळ तसाच राहिला तरी ड्रॉ, म्हणजे कोणाची गाठ कोणाशी ही मांडणी, अवघड होतो. पराभवातून क्रमवारी खाली, त्यातून ड्रॉ कठीण, त्यातून पुन्हा पराभव, असं ते चक्र आहे. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र सलग पराभवच दिसतात.

पॅरिसमधल्या २०२५ च्या जागतिक स्पर्धेत लक्ष्यसमोर पहिल्याच फेरीत अव्वल मानांकित शी युची आला. लक्ष्य १७-२१, १९-२१ असा हरला. त्याच शी युचीने पुढे ती स्पर्धा जिंकली. विजेत्याला दोन्ही गेममध्ये शेवटपर्यंत झुंजवणारा खेळाडू संपलेला नसतो. पुढच्याच महिन्यात लक्ष्य हाँगकाँग ओपनच्या अंतिम फेरीत होता. तिथे ली शिफेंगने त्याला २१-१५, २१-१२ असं हरवलं. आमच्या मते काळजीने पाहावा तो हा सामना, पहिल्या फेरीतला नव्हे, कारण इथे दुसऱ्या गेममध्ये त्याला वरचढ होताच आलं नाही. नोव्हेंबरमध्ये त्याने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. उपांत्य सामन्यात चौ तिएन-चेनविरुद्ध पहिला गेम गमावल्यावर, दुसऱ्यात मॅच पॉइंट वाचवून तो १७-२१, २४-२२, २१-१६ असा जिंकला. अंतिम सामना २१-१५, २१-११ असा सरळ होता.

फॉर्म जोखायचा असेल तर चार-पाच सामन्यांचे गुण समोर ठेवून तीन गोष्टी तपासा. हरलेल्या गेममध्ये ११ गुणांवरच्या ब्रेकला किती अंतर होतं? सलग चार किंवा जास्त गुण किती वेळा गेले? तिसरा गेम झाला तेव्हा त्यात तो कुठवर टिकला? ११ पर्यंत बरोबरीत आणि नंतर घसरण, असं वारंवार होत असेल तर दमाचा किंवा डावपेचांचा प्रश्न असतो. सुरुवातीपासूनच मागे असेल तर हालचाल, सराव किंवा दुखणं यांकडे पाहावं. १९-२१, २०-२२ असे पराभव असतील तर खेळ जागेवर आहे, शेवटच्या दोन-तीन रॅलींचं काम बाकी आहे.

प्रश्न : पॅरिस ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात २०-१७ आणि दुसऱ्या गेममध्ये ७-० अशी आघाडी असताना तो हरला. याला मन कच्चं असणं नाही तर काय म्हणायचं?

हा सामना अजून अनेकांच्या मनात सलतो आहे, हे पत्रांवरून दिसतं. आमच्याही मनात तो आहे. पण 'मन कच्चं' हा शब्द इतका मोठा आहे की त्यात खेळ दिसेनासा होतो.

आकडे नीट वाचा. २०-१७ नंतर व्हिक्टर अॅक्सेलसनने सलग पाच गुण घेऊन गेम २२-२० असा जिंकला. दुसऱ्या गेममध्ये ७-० नंतरचे गुण मोजले तर अॅक्सेलसन २१, लक्ष्य ७. पाच गुणांची ती ओळ दडपणाची म्हणता येईल. तीन गेम पॉइंट हातात असताना माणूस 'चूक नको' म्हणून शटल कोर्टाच्या मध्यात ठेवू लागतो, कडेला मारायचं टाळतो. मध्यात आलेलं शटल म्हणजे १.९४ मीटर उंचीच्या खेळाडूला स्मॅशचं आमंत्रण. पण २१ विरुद्ध ७ हा फरक दोन-चार घाबऱ्या फटक्यांनी पडत नाही. एवढा फरक पडायला समोरच्याने खेळ बदलावा लागतो. लक्ष्यचा बचाव जगात वाखाणला जातो, पण सतत बचावच केला की पुढाकार दुसऱ्याच्या हातात जातो. अशा वेळी ड्रिबल (नेटजवळ हळूच टाकलेलं शटल) घट्ट टाकून समोरच्याला शटल उचलायला लावणं, किंवा सरळ टॉसऐवजी (उंच, लांब फटक्याऐवजी) हाफ स्मॅशने रॅलीची लय मोडणं हा उपाय असतो. तो जमला नाही तर कितीही खंबीर मन पुरत नाही.

आणि अॅक्सेलसन कोण होता? टोकियोचा सुवर्णविजेता. त्याने पॅरिसच्या अंतिम सामन्यात कुनलावुत वितिदसर्नला २१-११, २१-११ असं हरवलं. त्या आठवड्यात सुवर्णविजेत्याविरुद्ध एका गेममध्ये २० पर्यंत पोहोचलेला खेळाडू आपला होता. सामन्यानंतर अॅक्सेलसनने लक्ष्यचं मनापासून कौतुक केलं आणि चार वर्षांनी तो सुवर्णाच्या दावेदारांत असेल असं सांगितलं. ज्याने त्याला जाळीपलीकडून पाहिलं त्याचं मत आम्ही जास्त मोलाचं मानतो.

दुसऱ्या दिवशीच्या कांस्यपदकाच्या सामन्यात ली झी जियाविरुद्ध पहिला गेम २१-१३ जिंकून तो पुढचे दोन १६-२१, ११-२१ असे हरला. उजव्या कोपरातून रक्त येत होतं आणि उपचारांसाठी खेळ थांबत होता. रॅकेटचा हातच तो.

प्रश्न : त्या पराभवानंतर प्रकाश पदुकोण जे बोलले ते योग्य होतं का? आमच्या घरात यावर दोन तट आहेत.

ज्यांना हा वाद आठवत नाही त्यांच्यासाठी : ५ ऑगस्ट २०२४ ला कांस्यपदकाचा सामना हरल्यावर, पॅरिसमध्ये मार्गदर्शक म्हणून लक्ष्यसोबत असलेले पदुकोण पत्रकारांना म्हणाले की सरकार आणि महासंघाने आपलं काम केलं आहे, आता खेळाडूंनीही जबाबदारी घ्यायला हवी. मानसिक तयारीकडे लक्ष द्यायला हवं, असंही त्यांचं म्हणणं होतं. दुहेरीतली खेळाडू अश्विनी पोनप्पाने यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. जिंकल्यावर श्रेय घ्यायला सगळे पुढे असतात, मग हरल्यावर दोष एकट्या खेळाडूचा कसा, असा तिचा सवाल होता. सुनील गावसकरांनी स्तंभ लिहून पदुकोणांची बाजू घेतली.

पदुकोण १९८० चे ऑल इंग्लंड विजेते. आजच्यासारखे फिजिओ, ट्रेनर, परदेशी सराव शिबिरं असं पाठबळ त्यांच्या पिढीला मिळालं नाही. त्यांचा मुद्दा तिथून येतो आणि तो खोटा नाही. शेवटच्या गुणांचा सराव खेळाडूलाच करावा लागतो. पण जबाबदारी आणि दोष यांत फरक आहे, आणि पराभवाच्या दिवशी उच्चारलेला 'जबाबदारी' हा शब्द ऐकणाऱ्याच्या कानात 'दोष' होऊनच शिरतो. हेच म्हणणं दोन आठवड्यांनी, सरावाच्या आराखड्यासह आलं असतं तर लोकांनी ते सल्ला म्हणून ऐकलं असतं. आमचं मत विचाराल तर मुद्द्यात पदुकोण बरोबर, वेळेच्या बाबतीत अश्विनी बरोबर. घरातले दोन्ही तट एका ताटात जेवू शकतात.

प्रश्न : एवढं हरूनही क्रमवारी लगेच कशी घसरत नाही? आणि कधी न खेळताही घसरते, ते कसं?

जागतिक क्रमवारीत मागच्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांचे गुण धरतात. सुपर ५०० जिंकल्यास ९,२०० गुण, पहिल्या फेरीत हरल्यास २,२२०. दहा चांगले निकाल आधीच असतील तर हे २,२२० मोजलेच जात नाहीत, त्यामुळे पराभवाने फरक पडत नाही. पण वर्षापूर्वीचं विजेतेपद ५२ आठवडे पूर्ण झाल्यावर गळतं आणि त्याच्या जागी अकरावा निकाल येतो. तो २,२२० चा असेल तर एका मंगळवारी ६,९८० गुण गेले. अशा वेळी 'अचानक घसरण' अशी बातमी दिसते. ती घसरण गेल्या आठवड्याच्या खेळाची नसते, गेल्या वर्षीच्या विजयाची मुदत संपलेली असते.

प्रश्न : हरल्यावर खेळाडू 'ड्रिफ्ट होता', 'शटल स्लो होतं' असं सांगतात. ही सबब नाही का?

कधी असते, बहुतेकदा नसते. मोठ्या सभागृहात वातानुकूलनाच्या झोतामुळे हवा एका दिशेला वाहते, तोच ड्रिफ्ट. शटलचं वजन पाच ग्रॅमच्या आसपास, सोळा पिसं. त्याला तेवढी हवा पुरते. हवा पाठीशी असलेल्या बाजूला टॉस लांब जाऊन मागे बाहेर पडतो, म्हणून खेळाडू हात आखडतो. समोरून हवा येते त्या बाजूला जोराने मारता येतं, पण उचललेलं शटल अर्ध्यातच पडतं आणि स्मॅश खावा लागतो. पडताळायचं असेल तर दोन्ही गेममध्ये मागच्या रेषेबाहेर गेलेली शटल बाजूनुसार मोजा. एकाच बाजूला दोन्ही खेळाडूंची शटल बाहेर जात असतील तर ड्रिफ्ट खरा. फक्त हरलेल्याचीच जात असतील तर त्याचा अंदाज चुकला. तिसऱ्या गेममध्ये ११ वर बाजू बदलतात, म्हणून तिथे सामना उलटताना दिसतो.

शटलच्या वेगाची चाचणीही असते. मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीने मारलेलं शटल समोरच्या मागच्या रेषेच्या अलीकडे ५३० ते ९९० मिलिमीटरच्या पट्ट्यात पडायला हवं. पट्टा ४६ सेंटिमीटरचा आहे. त्याच्या अलीकडच्या टोकाला पडणारं शटल नियमात बसूनही 'स्लो' लागतं. मग स्मॅशवर रॅली संपत नाही, सामना लांबतो आणि आक्रमक खेळाडूचे पाय आधी जड होतात.

वाक्य कुठे बोललं गेलं हेही पाहा. कोर्टवरून निघाल्यावर खेळाडू घामेजलेला असतानाच पत्रकारांच्या कठड्यापाशी थांबतो. 'हवेचा त्रास झाला का?' असं विचारलं की तो 'हो, थोडा' म्हणतो, आणि मथळा होतो 'हवेवर फोडलं खापर'. पूर्ण चित्रफीत पाहा, प्रश्न ऐका, मग मत बनवा.

प्रश्न : डेन्मार्कच्या अँडर्स अँटनसनने दिल्लीतल्या प्रदूषणामुळे इंडिया ओपन सोडली, तेव्हा आपल्याकडचे लोक चिडले. तुम्हाला काय वाटतं?

चिडण्याआधी एक नियम लक्षात घ्या. एकेरीतल्या पहिल्या पंधरा खेळाडूंना सुपर १००० आणि सुपर ७५० च्या स्पर्धा खेळणं बंधनकारक आहे, आणि इंडिया ओपन सुपर ७५० आहे. जानेवारी २०२६ मध्ये त्याने सलग तिसऱ्या वर्षी माघार घेतली आणि ५,००० अमेरिकन डॉलरचा दंड झाल्याचं स्वतःच जाहीर केलं. पैसे भरून बोललेलं ते म्हणणं होतं. जानेवारीतली दिल्लीची हवा तिथे राहणाऱ्यांना माहीतच आहे, आणि तासभर धावणारा खेळाडू ती कितीतरी जास्त पटीने आत ओढतो. त्याच हवेत आपलेही खेळाडू खेळतात, हे रागाच्या भरात विसरलं जातं. २०२६ ची जागतिक स्पर्धा दिल्लीला मिळाली ती ऑगस्टमधली, हे त्या दृष्टीने बरंच झालं.

प्रश्न : आवडता खेळाडू हरला की समाजमाध्यमांवर काय लिहावं? गप्प बसवत नाही.

गप्प बसू नका, पण पहिला दिवस जाऊ द्या. खेळाडूला टॅग करू नका; सामन्यानंतर फोन उघडला की त्याला तेच आधी दिसतं. फटक्याबद्दल लिहा, घराण्याबद्दल नको. 'बॅकहँडच्या मागच्या कोपऱ्यात उशिरा पोहोचत होता' ही टीका आहे. 'याला घरी बसवा' ही टीका नाही. आणि पैज हरल्याचा राग खेळाडूवर काढणं तर निव्वळ अन्याय. ऑस्ट्रेलियन ओपन जिंकल्यावर लक्ष्यने डोळे मिटून दोन्ही कानांत बोटं घातली होती. ते पाहून ज्यांना ओशाळल्यासारखं झालं, त्यांनीच आम्हाला सर्वांत जास्त पत्रं लिहिली आहेत.

प्रश्न : खेळाडू दुखापत लपवतोय हे टीव्हीवर ओळखता येतं का?

काही खुणा आहेत. नेटजवळ शेवटचं पाऊल अपुरं पडतं, लंज (पुढे टाकलेलं लांब पाऊल) पूर्ण न करता मनगटाने शटल उचललं जातं. उडी मारून स्मॅश करणारा उभ्याने मारू लागतो. टॉस मागच्या रेषेपर्यंत न जाता मीटरभर आधी पडतो. रॅलींमध्ये पुसणी मागणं, शटल बदलायला सांगणं वाढतं. यांतली एक खूण काहीच सांगत नाही, कारण दमलेला खेळाडूही हेच करतो. फरक असा की दमलेला खेळाडू ११ च्या ६० सेकंदांच्या किंवा गेमनंतरच्या १२० सेकंदांच्या विश्रांतीनंतर चार-पाच रॅली ताजा दिसतो. दुखणं असलेला ब्रेकनंतरच्या पहिल्याच रॅलीत पुन्हा तेच पाऊल चोरतो.