लोणारच्या सरोवराभोवती पहिल्यांदा फिरायचं तर

भाऊ, चप्पल घालून उतरू नका. उतारावर वेडी बाभूळ आहे आणि तिचा काटा पातळ तळव्यातून सरळ आत जातो. जाड तळव्याचे बूट घाला.

सरोवर ज्या विवरात (उल्का आदळून झालेल्या खड्ड्यात) आहे, ते साधारण १.८ किलोमीटर रुंद आणि १३०-१४० मीटर खोल आहे. आकडे छोटे वाटतात, पण दमछाक परत वर चढतानाच होते. खाली वारा लागत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात दहा वाजताच अंग भाजायला लागतं. उजाडताच निघा आणि माणशी दोन लिटर पाणी घ्या. समोर तळं भरलेलं असलं तरी ते खारं आणि क्षारयुक्त, पिण्याच्या कामाचं नाही. गोडं पाणी गोमुखाच्या धारेला, पण ती वरच्या अंगाला.

खरा धोका काठाचा. पांढरी खारट पपडी वाळलेली दिसते, खाली मात्र काळा, वास मारणारा चिखल असतो. पाय पोटरीपर्यंत गेला की बूट आत राहतो आणि माणूस बाहेर येतो! आधी काठी रोवून बघा. सहज आत गेली तर झाडांच्या मुळांकडून वळसा घ्या. पावसाळ्यानंतर पाणी वाढलं की कमळजादेवीच्या मंदिराजवळची वाट बुडते. मग पूर्ण फेरीचा हट्ट सोडा, आल्या वाटेने मागे फिरा. हे अभयारण्य आहे, बिबट्याचा वावरही आहे. म्हणून वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारा, कोणती वाट चालू आहे ते.