टर्मिनलची विंडो मोठी होते, पण आतल्या प्रोग्रॅमला ते कळत नाही तेव्हा

तुमच्या तक्रारी दोन आहेत. व्हिम (टर्मिनलमध्ये चालणारा मजकूर संपादक) उघडे असताना विंडो मोठी केली आणि मग व्हिममधून बाहेर पडलात, की बॅशमध्ये (कमांड घेणाऱ्या शेलमध्ये) टाइप केलेली लांब कमांड विंडोच्या मध्येच वळते आणि त्याच ओळीवर पुन्हा छापली जाते. दुसरी तक्रार अशी की दूरच्या सर्व्हरवर गेल्यावर काही वेळा विंडो कितीही मोठी असली तरी मजकूर ८० कॉलम आणि २४ ओळींतच अडकून राहतो. फॉन्ट बदलून आणि टर्मिनल पुन्हा इन्स्टॉल करून काही फरक पडला नाही, असे तुम्ही लिहिले आहे. तो पडणारही नव्हता, कारण दोन्ही ठिकाणी विंडो आपले काम चोख करते आहे. तिचा आकार ज्याच्यापर्यंत पोहोचायला हवा त्याच्यापर्यंत तो पोहोचत नाही.

आकाराचा आकडा एका जागी राहत नाही, हे आधी नीट लक्षात घ्यायला हवे. विंडो किती पिक्सेलची आहे हे टर्मिनल एम्युलेटरला, म्हणजे ती विंडो दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, ठाऊक असते. त्या पिक्सेलना अक्षराच्या चौकोनाच्या मापाने भागून तो ओळी आणि कॉलम काढतो आणि ते आकडे कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) त्या टीटीवायच्या, म्हणजे त्या टर्मिनलच्या, नोंदीत लिहितो. नोंद बदलली की कर्नल त्या टीटीवायवर पुढे चालू असलेल्या प्रोसेस गटाला सिगविंच हा सिग्नल पाठवतो. सिग्नलमध्ये आकडा नसतो, फक्त ‘आकार बदलला’ एवढाच इशारा असतो. नवा आकडा प्रोग्रॅमने स्वतः कर्नलला विचारून घ्यायचा असतो. याशिवाय शेल स्वतःच्या लाइन्स आणि कॉलम्स या दोन व्हेरिएबलमध्ये वेगळी प्रत ठेवते. म्हणजे एम्युलेटर, कर्नल, शेल आणि चालू प्रोग्रॅम अशा चार ठिकाणी चार वेगवेगळे आकडे असू शकतात, आणि दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी नेमका कोणाचा आकडा शिळा आहे हे शोधायचे असते.

त्यासाठी ‘एसटीटीवाय साइझ’ ही कमांड द्या. ती कर्नलच्या नोंदीतला आकडा दाखवते. ती आधी ओळी आणि मग कॉलम सांगते, म्हणजे ‘२४ ८०’. विंडोच्या जॉमेट्रीत (आकार आणि जागा सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) मात्र हाच आकार ‘८०x२४’ असा उलट लिहितात, आणि या अदलाबदलीमुळे पुष्कळांचा घोळ होतो. त्यानंतर ‘इको’ वापरून लाइन्स आणि कॉलम्स यांच्या किमती पाहा. व्हिमसारखा प्रोग्रॅम चालू असतानाच तपासायचे असेल, तर व्हिम उघडण्यापूर्वी ‘टीटीवाय’ कमांडने त्या टर्मिनलचे नाव विचारून ठेवा आणि दुसऱ्या टर्मिनलमधून ‘एसटीटीवाय साइझ < /डेव्ह/पीटीएस/३’ असे द्या (३ च्या जागी तुमचा क्रमांक). विंडो ओढून लहानमोठी करा आणि प्रत्येक वेळी ही कमांड पुन्हा चालवा. आकडा बदलत असेल तर एम्युलेटर आणि कर्नल दोघेही निर्दोष आहेत.

आता पहिली तक्रार. व्हिम पुढे चालू असताना बॅश मागच्या गटात असते, आणि सिग्नल फक्त पुढच्या गटाला जातो. त्यामुळे व्हिम नव्या आकारात व्यवस्थित पसरते आणि बॅशला मात्र कशाचाच पत्ता नसतो. तुम्ही बाहेर येता तेव्हा ती जुन्याच कॉलमसंख्येवरून ओळ कुठे मोडायची ते ठरवते. यावर बॅशमध्ये ‘चेकविनसाइझ’ नावाचा पर्याय आहे: तो चालू असला की प्रत्येक बाहेरची कमांड संपल्यावर बॅश कर्नलला आकार विचारते आणि आपली दोन्ही व्हेरिएबल ताजी करते. बॅश ५.० पासून, म्हणजे २०१९ पासून, हा पर्याय मुळातच चालू असतो. त्याआधीच्या आवृत्तीत तो ‘शॉप्ट -एस चेकविनसाइझ’ लिहून चालू करावा लागतो. तुमच्या ‘.बॅशआरसी’ मध्ये, म्हणजे बॅश सुरू होताना वाचते त्या फाइलमध्ये, ही ओळ टाका. आवृत्ती नवी असली तरी ती असल्याने काही बिघडत नाही.

हे करूनही ओळ चुकीच्या जागी वळत असेल आणि ‘एसटीटीवाय साइझ’ व कॉलम्स यांचे आकडे मात्र बरोबर असतील, तर दोष आकाराचा नाही, प्रॉम्प्टचा (कमांड टाइप करण्याच्या जागेआधी दिसणाऱ्या मजकुराचा) आहे. माझ्या मते विंडोच्या आकारावर ढकलल्या जाणाऱ्या तक्रारींत ही सर्वांत दुर्लक्षित आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. प्रॉम्प्टला हिरवा रंग देणारा संकेत एस्केप, चौकटी कंस, ३, २ आणि एम अशा पाच अक्षरांचा असतो, आणि रंग मागे घेणारा चार अक्षरांचा. ही नऊ अक्षरे पडद्यावर जागा घेत नाहीत, पण बॅशला तसे सांगितले नसेल तर ती त्यांनाही मोजते आणि ८० कॉलमच्या विंडोत ७१ व्या कॉलमनंतरच ओळ संपली असे धरून चालते. प्रत्येक रंगसंकेताच्या आधी \[ आणि नंतर \] लिहिले की मोजणी सुधारते. ओळखायची खूण सोपी आहे: विंडो कितीही लहानमोठी केली तरी ओळ उजव्या कडेच्या तेवढेच कॉलम आधी वळत असेल, तर दोष प्रॉम्प्टमध्येच शोधा.

आणखी एक जागा तपासा. कोणीतरी ‘.प्रोफाइल’ मध्ये कॉलम्स किंवा लाइन्स एक्सपोर्ट करून, म्हणजे शेलमधून सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमनाही मिळतील असे, ठेवले आहेत का? एनकर्सेस ही पडदाभर मजकूर मांडणारी लायब्ररी वापरणारे प्रोग्रॅम ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सापडली की कर्नलपेक्षा त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवतात, आणि मग विंडो कितीही ओढली तरी प्रोग्रॅम त्याच चौकटीत बसून राहतो. बॅशच्या स्वतःच्या वापरापुरती ती असणे योग्यच आहे. एक्सपोर्ट करणे मात्र जवळजवळ नेहमीच चूक असते. ती ओळ काढून टाका.

दुसऱ्या तक्रारीत तुम्ही सर्व्हरपर्यंत कसे पोहोचता यावर सगळे अवलंबून आहे. साध्या एसएसएचमध्ये (दूरच्या सर्व्हरशी जोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ही अडचण सहसा येत नाही. जोडणी होतानाच क्लायंट आकार कळवतो, आणि पुढे विंडो बदलली की तसा वेगळा संदेश पाठवतो (एसएसएचच्या आरएफसी ४२५४ या मानकात याची तरतूद आहे); सर्व्हर तो आकडा तिकडच्या टीटीवायच्या नोंदीत लिहितो आणि तिकडेही सिगविंच उठतो. ही साखळी तुटते ती मध्ये तिसरा कोणी शिरल्यावर. एका कार्यालयात पासवर्ड आपोआप भरण्यासाठी एसएसएच ‘एक्स्पेक्ट’ (प्रोग्रॅमच्या प्रश्नांना आपोआप उत्तरे देणारे साधन) च्या स्क्रिप्टमधून चालवले जात होते. एक्स्पेक्ट एसएसएचसाठी आपला स्वतंत्र टीटीवाय उघडते, आणि बाहेरच्या विंडोचा सिग्नल त्या स्क्रिप्टपाशीच थांबत होता. त्यामुळे सुरुवातीचा आकार शेवटपर्यंत टिकत होता. स्क्रिप्टमध्ये सिगविंच सिग्नल पकडून नवा आकार आतल्या टीटीवायला देण्याची सोय केली की प्रश्न मिटतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे पासवर्डऐवजी एसएसएच की (किल्लीची फाइल) वापरणे आणि ती स्क्रिप्टच काढून टाकणे.

सीरियल कन्सोलची, म्हणजे मशीनला सीरियल तारेने जोडलेल्या टर्मिनलची, गोष्ट वेगळी आहे, आणि व्हर्च्युअल मशीनचा सीरियल कन्सोलही त्यातच मोडतो. त्या तारेवरून फक्त अक्षरे जातात. आकार सांगायला वेगळी वाट नाही. कर्नलच्या नोंदीत ‘० ०’ असते, आणि मग प्रोग्रॅम टर्मइन्फोतल्या (टर्मिनलांच्या गुणधर्मांच्या यादीतल्या) ठरलेल्या ८० कॉलम आणि २४ ओळींवर येऊन थांबतात. तुमच्या वर्णनावरून मला हीच शक्यता जास्त वाटते. एक्सटर्म या टर्मिनल एम्युलेटरबरोबर येणारी ‘रिसाइझ’ ही कमांड यासाठी फार चांगली आहे. ती कर्सरला मुद्दाम अशक्य अशा दूरच्या जागी, ९९९ व्या ओळीच्या ९९९ व्या कॉलमला, जायला सांगते. टर्मिनल त्याला विंडोच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात अडवते. मग ‘कर्सर कुठे आहे’ असे विचारले की मिळणारे उत्तर म्हणजेच विंडोचा खरा आकार. तो आकडा ती टीटीवायच्या नोंदीत भरते. सर्व्हरवर ही कमांड नसेल तर ‘एसटीटीवाय रोज ५० कॉल्स १६०’ असे हाताने दिले तरी चालते. दोन्ही उपाय त्या क्षणापुरते असतात, पुन्हा विंडो बदलली की पुन्हा करावे लागतात.

सर्व्हरवर टीमक्स (जोडणी तुटली तरी सेशन चालू ठेवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल आणि विंडोच्या उरलेल्या भागात ठिपके दिसत असतील, तर त्याच सेशनला दुसरे एखादे लहान टर्मिनल अजून जोडलेले आहे. ‘टीमक्स अटॅच -डी’ दिले की बाकीचे सुटतात. ३.१ आवृत्तीपासून टीमक्स सर्वांत अलीकडे वापरलेल्या टर्मिनलचा आकार घेते, त्यामुळे हा त्रास आता कमी झाला आहे.

तुम्ही टायलिंग विंडो मॅनेजर (विंडो आपोआप शेजारी शेजारी बसवणारा) वापरता असे लिहिले आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. टर्मिनल उघडतानाच त्यात थेट एखादा प्रोग्रॅम चालवला, तर विंडो आधी ८०x२४ ने जन्म घेते आणि क्षणार्धात विंडो मॅनेजर तिला ताणतो. प्रोग्रॅमने जुना आकडा वाचलेला असतो, पण सिग्नल पकडण्याची त्याची तयारी अजून झालेली नसते. सिगविंच न पकडल्यास तो गुपचूप टाकून दिला जातो, आणि प्रोग्रॅम कोपऱ्यात लहान होऊन बसतो. दुसऱ्या टर्मिनलमधून ‘किल -विंच’ आणि त्याचा प्रोसेस क्रमांक दिला की तो आकार नव्याने वाचतो.

विंडोच्या कडेला काही पिक्सेलची रिकामी पट्टी राहते म्हणून अस्वस्थ होऊ नका. अक्षराचा चौकोन ९ पिक्सेल रुंद असेल तर १३६६ पिक्सेलमध्ये १५१ कॉलम बसतात आणि ७ पिक्सेल उरतात. अर्धा कॉलम ही गोष्टच नसते. एक्सटर्मचा सुरुवातीचा आकार ठरवायचा असेल तर रिसोर्समध्ये (त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) ‘एक्सटर्म*व्हीटी१००.जॉमेट्री’ असे पूर्ण लिहा. मधला शब्द गाळला तर तोच आकार त्याच्या मेनूंनाही लागू होतो. वेलँड या डिस्प्ले व्यवस्थेवर जॉमेट्रीतला जागेचा भाग चालत नाही, कारण तिथे विंडोला स्वतःची जागा ठरवता येत नाही.

एवढे करूनही अडचण राहिली, तर विंडो बदलण्यापूर्वीचे आणि नंतरचे ‘एसटीटीवाय साइझ’ चे आकडे, त्याच दोन वेळचे लाइन्स व कॉलम्स, बॅशची आवृत्ती आणि सर्व्हरपर्यंतची पूर्ण वाट, म्हणजे मध्ये कोणती स्क्रिप्ट, टीमक्स किंवा कन्सोल आहे, हे इथेच लिहा. प्रॉम्प्टची व्याख्या करणारी ओळही जशीच्या तशी द्या.